शिकवण्याच्या तासाची मजुरी कोण देणार?

माल खराब निघाला की आपल्या धंद्यात पहिला दोष कारागिराच्या माथी येतो. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, रीत तीच. घडी घालताना ताक्यात डाग दिसतो, तुटलेल्या तारेची लांब रेघ दिसते, आणि हप्त्याला मजुरीतून पैसे कापले जातात. रेघ कोणत्या मागावर, कशामुळे पडली हे कारागिराला कुणी सांगत नाही. पुढच्या हप्त्यात तीच रेघ पुन्हा हजर. आम्ही कापड विकत घेणारे लोक. असा ताका गादीवर आला की भाव पडतो, आणि कापलेल्या पैशांत ते नुकसान काही भरून निघत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की कपात म्हणजे तालीम नव्हे.

बाण्याचा धागा तुटला तर माग थांबतो, पण ताण्याची तार तुटली तर साधा यंत्रमाग बहुधा चालूच राहतो. ती पाहायची कारागिराच्या डोळ्यांनी. त्याच्याकडे चार माग, कुठे सहा, कुठे आठ. मजुरी विणलेल्या मालावर. माग थांबवून तार जोडली तर तेवढी त्याची कमाई बुडते. अशा माणसाला "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडणे सोपे आहे. फेरी कशी मारावी, ताण्यावर नजर कुठून टाकावी, गाठ कशी बसवावी, हे दाखवायला माग बंद ठेवावे लागतात. त्या तासाची मजुरी मालकाने दिली पाहिजे. इथे आपले बरेच कारखानदार बांधव हात आखडता घेतात.

१९२४ साली जपानच्या साकिची टोयोडा यांनी तार तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. मोटारींची टोयोटा कंपनी याच घराण्याच्या मागाच्या कारखान्यातून निघाली. मागाची ती अक्कल त्यांनी मोटारीच्या कारखान्यातही आणली. काम अडले की कामगार दोरी ओढतो आणि त्याच्या टोळीचा प्रमुख त्याच्यापाशी येतो. कामगाराला ऑफिसात बोलावले जात नाही, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे जॉबर येतो, पाना फिरवतो आणि निघून जातो. कारागीर बघत उभा. जुने उस्ताद शागिर्दाच्या हातात काम देऊन स्वतः बाजूला बसत, ते उगाच नाही.

मालकाचे काय? तो मागापाशी उभा, पण कान मोबाईलला. सुताचा भाव, दलाल, जीएसटीचे कागद, विजेचे बिल. पाळीच्या सुरुवातीचा एक तास फोन मेहताजीकडे द्यावा. एक कारागीर, एक दोष, एवढेच घ्यावे. सुताचा भाव खरोखरच पळाला तर मेहताजी आवाज देतीलच.

शिकवलेला माणूस दुसऱ्या कारखान्यात जातो, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. काही जातात, खरे आहे. न शिकवलेलेही जातात, आणि जाईपर्यंत खराब माल काढतात.

ताक्यावर मागाचा नंबर आणि पाळी लिहायला खडूचा एक तुकडा लागतो. ताका त्याच दिवशी तपासावा आणि रेघ त्याच कारागिराला त्याच मागापाशी दाखवावी. कपातीची वही त्यानंतर उघडावी.