सायलेन्सर ऐकू येतो, सॉफ्टवेअर दिसत नाही

फेरफार केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवण्याची पोलिसांची कारवाई आता शहरी नागरिकांच्या चांगल्याच परिचयाची झाली आहे. कर्कश आवाजाने त्रासलेले रहिवासी अशा कारवाईचे स्वागत करतात आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि, त्याच शहरांतील एखाद्या गॅरेजात लॅपटॉपला जोडलेल्या एका केबलच्या साह्याने, कोणताही आवाज न होता, मोटारीच्या इंजिनाचा स्वभाव अर्ध्या-पाऊण तासात बदलला जातो. त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दप्तरात होत नाही आणि पीयूसी केंद्रातील यंत्रावरही बहुधा उमटत नाही. कानाला जाणवणारा गुन्हा पकडला जातो आणि हवेत विरणारा सुटतो, अशी आजची स्थिती आहे.

या प्रक्रियेला मोटारशौकिनांच्या भाषेत 'रीमॅप' असे म्हणतात. इंजिनात किती हवा जाते, त्या हवेच्या प्रमाणात किती इंधन फवारले जाते आणि ठिणगी नेमकी कधी पडते, याचे कोष्टक मोटारीच्या संगणकात म्हणजे ईसीयूमध्ये साठवलेले असते. हे कोष्टक बदलणे म्हणजे रीमॅप. त्याच्या जोडीला जास्त हवा घेणारा एअर फिल्टर, रुंद एक्झॉस्ट, मोठे इंजेक्टर किंवा टर्बोचा वाढवलेला दाब असे बदलही केले जातात. जुन्या मोटारीच्या किमतीच्या मानाने हा खर्च फार नसतो. मिळणारा 'पिकअप' मात्र पहिल्याच चढावर जाणवतो.

स्क्रू-ड्रायव्हर ते लॅपटॉप

इंजिनाचे ट्यूनिंग ही भारतीय मेकॅनिकला नवी गोष्ट नाही. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरच्या काळात ते कार्ब्युरेटरवर चालत असे. मेकॅनिक जेट बदलून, मिक्स्चरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून, मग स्पार्क प्लग काढून त्याचे टोक पाहत असे. टोक काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी आणि चॉकलेटी असेल तर मिश्रण बरोबर, असा त्याचा साधा हिशेब होता. 'अॅव्हरेज' हवे की 'पिकअप', एवढाच प्रश्न तो मालकाला विचारत असे. धुरातून काय बाहेर पडते, हा प्रश्न त्या काळी कोणीच विचारत नव्हते.

हा प्रश्न न्यायालयाने विचारला. राजधानी परिसरात विकल्या जाणाऱ्या मोटारींना युरो मानके लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कार्ब्युरेटर मोटारींतून हद्दपार होऊन त्याची जागा इंजेक्टर आणि संगणकाने घेतली. त्यामागचे रसायनशास्त्र सोपे आहे. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही विषारी घटकांचा एकाच वेळी निकाल लावू शकतो. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजून हे प्रमाण सांभाळणारा 'लॅम्डा सेन्सर' व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये प्रथम आपल्या मोटारींत बसवला. आज तो प्रत्येक पेट्रोल मोटारीत असतो.

अडचण अशी की, इंजिनाची कमाल शक्ती या प्रमाणावर मिळत नाही. ती साडेबारा ते तेरा भाग हवेवर, म्हणजे पेट्रोल थोडे जास्त असताना मिळते. स्वच्छ धूर आणि जास्त ताकद यांची वाट येथे वेगळी होते. कंपनीचा अभियंता दोहोंमध्ये तडजोड करतो. ट्यूनर तीच तडजोड मालकाच्या बाजूने पुन्हा लिहितो.

राखून ठेवलेली ताकद

कंपनी मुळातच ताकद राखून ठेवते, हे या व्यवसायाचे भांडवल आहे. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे आणि मानेसर येथे तयार होणारे फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन याचे उत्तम उदाहरण ठरावे. १,२४८ घनसेंटिमीटरचे तेच इंजिन काही मोटारींत ७५, तर वेगळा टर्बो आणि वेगळे कोष्टक घेऊन इतर मोटारींत ९० अश्वशक्ती देत असे. अनेक कंपन्यांच्या मोटारींत बसल्याने त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हटले जाई. बीएस-६ मानकांसमोर २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले, परंतु त्यावर धावणाऱ्या मोटारी रस्त्यावर अजूनही आहेत. ७५ अश्वशक्तीची मोटार घेणाऱ्याला 'आपल्याला कमी दिले' असे वाटले, तर त्यात नवल नाही.

कंपनीचे उत्तर असे की, राखलेली ताकद ही कंजुषी नसून विमा आहे. राजस्थानातील उन्हाळा, भेसळीचे इंधन, वेळेवर न बदललेला फिल्टर, खंबाटकीच्या घाटात पूर्ण भाराने चढणारी मोटार या सर्वांना पुरून उरेल असे कोष्टक तिला लिहावे लागते. हवासुद्धा सर्वत्र सारखी नसते. मुंबईच्या तुलनेत पुण्यात ती पाचेक टक्क्यांनी आणि महाबळेश्वरात सुमारे बारा टक्क्यांनी विरळ असते. मुंबईत डायनोवर बसवून अचूक जुळवलेली मोटार घाटमाथ्यावर तशीच वागेल, याची खात्री केवळ त्या एका चाचणीवरून देता येत नाही.

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात नुसते सॉफ्टवेअर बदलून मिळणारी वाढ किरकोळ असते. टर्बो इंजिनात मात्र वीस ते तीस टक्के वाढीचे दावे केले जातात आणि ते अशक्य नाहीत. कारण तेथे दाब वाढवून अधिक हवा कोंबता येते. परंतु हवा वाढली की त्या प्रमाणात इंधनही वाढावे लागते. इंजेक्टर किंवा पंप कमी पडला तर नेमके पूर्ण भाराच्या वेळी पेट्रोल कमी पडते, तापमान चढते, इंजिन 'नॉक' करू लागते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. जाणकार ट्यूनर म्हणूनच एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावून, डायनोवर प्रत्येक टप्प्याचे आकडे पाहून काम करतो. इंटरनेटवरून उतरवलेली तयार फाइल भरून देणारा यांपैकी काहीच करीत नाही. दोघांच्या दुकानावरची पाटी मात्र सारखीच असते.

डिझेलचा प्रश्न आणखी गंभीर आहे. डिझेल इंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. ताकद वाढवायची तर इंधन वाढवणे हा सोपा उपाय आणि काळा धूर ही त्याची मर्यादा. त्या काजळीने पुढचा फिल्टर तुंबू लागला की पुढची पायरी फिल्टरच काढून टाकण्याची असते. संगणकाला 'फिल्टर आहे' असे खोटे सांगण्याची सोयही त्याच लॅपटॉपमध्ये असते.

वीस टक्के इथेनॉलची भर

या चित्रात आता इंधनाचीही भर पडली आहे. देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये ते गाठल्याचे सरकारने जाहीर केले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन अंगभूत असल्याने त्याला जळण्यासाठी सुमारे नऊ भागच हवा लागते. साहजिकच ई-२० चे आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला सुमारे आठ टक्के जास्त इंधन द्यावे लागते.

मूळ कोष्टकावर चालणारी आधुनिक मोटार लॅम्डा सेन्सरच्या आधारे ही दुरुस्ती आपोआप करते. ज्या मोटारीत इंजेक्टर आधीच मर्यादेपर्यंत ताणलेला आहे, तिला मात्र ही आठ टक्क्यांची जागा शिल्लक नसते. दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. इथेनॉलमुळे इंधनाची नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता वाढते आणि जाणकार ट्यूनर त्याचा लाभ घेऊ शकतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे सहा ते सात टक्के इंधनक्षमता घटेल, तर ई-१० साठी रचलेल्या आणि ई-२० साठी जुळवलेल्या मोटारींत ही घट एक ते दोन टक्केच असेल, असा अंदाज दिला होता. फरक आहे तो रचनेचा आणि जुळवणीचा. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यानंतर आपल्या जुन्या मोटारीचे कोष्टक ई-२० साठी जुळवून घ्यावे, असे एखाद्या मालकाला वाटले, तर त्याची मागणी गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण ती कायदेशीररीत्या कोठे पूर्ण करावी, याचे उत्तर त्याच्याजवळ नाही.

कायदा रंग पाहतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करण्यास मालकाला मनाई आहे. सीएनजी किंवा एलपीजी किट बसवण्यास अटींसह मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद केली.

शिक्षा आहे, शोधण्याचे साधन नाही. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, घनक्षमता, इंधनाचा प्रकार, रंग यांची नोंद असते. इंधनाच्या कोष्टकाची नसते. पीयूसी केंद्रात पेट्रोल मोटार उभी असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, डिझेलचा धूर मोजला जातो. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. शिवाय रीमॅपचा परिणाम पूर्ण भारावर दिसतो आणि तपासणी उभ्या मोटारीची होते. तिला पकडण्याची आशा कशी बाळगावी?

सॉफ्टवेअर तपासणीला कसे चकवू शकते, याचा धडा जगाला फोक्सवॅगन प्रकरणाने २०१५ मध्ये दिला. जगभरातील एक कोटी दहा लाख मोटारींचा तो प्रश्न होता. पुण्यातील एआरएआयच्या चाचण्यांत भारतातील मोटारींचे रस्त्यावरील उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले आणि कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच्या वसुलीसाठीच्या सक्तीच्या कारवाईला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कंपनीने केले तेव्हा तो जागतिक घोटाळा ठरला. मालकाने स्वतःच्या मोटारीवर तेच केले तर तो छंद ठरतो. फुप्फुसांना मात्र हा भेद कळत नाही.

हा 'छंद' किरकोळ नाही, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप वाहनांतील प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकण्यात आल्या होत्या. त्यांतून पाच लाख सत्तर हजार टनांहून अधिक अतिरिक्त नायट्रोजन ऑक्साइडांचा हिशेब मांडला गेला.

मधला मार्ग

बंदी आणि डोळेझाक यांच्यामध्ये एक मार्ग आहे आणि कॅलिफोर्नियाने तो चोखाळला आहे. तेथे सुटा भाग किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याने आपल्या उत्पादनामुळे उत्सर्जन वाढत नाही, हे चाचणीने सिद्ध करायचे असते. त्यानंतर मिळणारा मंजुरी क्रमांक मोटारीवर लावला जातो. जुलै २०२१ पासून तेथील धूरतपासणीत मोटारीच्या संगणकातील सॉफ्टवेअरची ओळखही पडताळली जाऊ लागली. ते मूळ किंवा मंजूर नसेल तर मोटार नापास. ब्रिटननेही फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत डिझेलचा फिल्टर काढलेली मोटार नापास ठरवण्यास सुरुवात केली.

भारतात यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. बदलांची मानके आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकारने ठरवाव्यात आणि अशा मंजूर बदलामुळे उत्पादकाची वॉरंटी रद्द मानू नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच केली आहे. चाचणीसाठी एआरएआयसारखी संस्था आहे, सीएनजी किटच्या मंजुरीचा अनुभव आहे आणि पीयूसी केंद्रे 'वाहन' प्रणालीला जोडलेली आहेत. निदान बीएस-६ मोटारींपुरती तरी, धूर मोजताना एक केबल जोडून संगणकाची तपासणी करण्याची पद्धत अजमावून पाहण्यास हरकत नसावी.

असे झाले तर कौशल्याने काम करणाऱ्या ट्यूनरला उघडपणे व्यवसाय करता येईल आणि तयार फायली विकणारे बाजूला पडतील. मालकालाही विमा कंपनीपासून काही लपवावे लागणार नाही. आज अपघातानंतर असा न कळवलेला बदल उघड झाला, तर विमा कंपनीशी दाव्यावरून वाद उभा राहण्याची शक्यता असते, याची कल्पना केबल जोडून घेताना फारच थोड्यांना असते. हे होईपर्यंत रोड रोलर सायलेन्सरवरून फिरत राहील. त्याच रस्त्यावरून शांतपणे जाणाऱ्या एखाद्या मोटारीच्या धुरात काय आहे, हे विचारणारे मात्र कोणी नसेल.