वेटसूट फाटतो तो किनाऱ्यावर

मे महिना सरत आला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या डायव्हिंग केंद्रांत हंगामभर राबलेल्या वेटसूटचा ढीग पडतो आणि त्यातले किती पुढच्या वर्षी चालतील याचा हिशेब सुरू होतो. निकामी झालेल्या सुटाचा दोष बहुधा खाऱ्या पाण्यावर जातो, नाहीतर पर्यटकावर. आम्हांला हे पटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांना घासून सूट फाटतात हे खरे. पण त्याहून अधिक सूट घालताना, काढताना आणि वाळवताना जातात, म्हणजे ते पूर्णपणे आपल्या ताब्यात असतात तेव्हा.

पुरावा त्या ढिगातच आहे. एखादा जुना सूट उजेडात धरून पाहा. मांडीवर आणि कमरेशी दिसणाऱ्या चंद्रकोरीसारख्या चिरा नखांच्या असतात. सूट चिमटीत धरून वर खेचला की नख कापडातून रबरात रुतते. खांदा पातळ होऊन लांबला असेल तर तो तारेच्या हँगरवर टांगलेला होता. पाणी प्यालेल्या सुटाचे सारे वजन तिथे दोन बोटांच्या जागेवर येते. घोट्याजवळ उसवलेली शिवण सांगते की कोणीतरी एका पायावर तोल सावरत दुसरा पाय हिसडून काढला. पाठीचा रंग उडून ती कडक झाली ती उन्हात पसरून ठेवल्याने. झिप अडकते ती दातांत सुकलेल्या मिठाने. मग कोणी जोर लावतो आणि झिप शिवणीसकट निघते. मीठ समुद्राचे खरे, पण ते तिथे सुकू दिले आपण.

हा प्रश्न केवळ खर्चाचा असता तर त्यावर संपादकीय लिहिले नसते. सूट ज्याचा बनतो ते निओप्रीन म्हणजे वायूचे असंख्य बंद बुडबुडे असलेले रबर. ऊब आणि तरंगण्याची शक्ती दोन्ही त्या बुडबुड्यांतून येतात. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात, वर आल्यावर पुन्हा फुगतात. हे वर्षानुवर्षे घडत राहिले की काही बुडबुडे कायमचे बसतात. ही झीज टाळता येत नाही. मात्र घडी घालून ढिगाच्या तळाशी महिनोन्महिने ठेवलेला सूट घडीच्या रेषेवर जमिनीवरच दबतो. मग 3 मिलिमीटरचे म्हणून घेतलेले दोन सूट पाण्यात सारखे वागत नाहीत, आणि नवख्या पाहुण्याच्या पट्ट्यात किती वजन घालायचे हा प्रशिक्षकाचा नेहमीचा अंदाज चुकतो.

यावर पहिला आक्षेप असा की आपले पाणी मुळात उबदार, सूट थोडा झिजला तर काय बिघडते? वीस मिनिटांसाठी उतरणाऱ्या पर्यटकाचे फारसे बिघडत नाही. पण पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते, आणि एकामागून एक तुकड्या घेऊन दिवसभर खाली जाणाऱ्या प्रशिक्षकाला ते संध्याकाळी जाणवते. शिवाय जेलीफिश आणि धारदार कालवांपासून वाचवतो तोही सूटच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एप्रिल-मेमध्ये कोकणात प्यायला पाणी पुरत नाही, तिथे सूट कुठून धुवायचे? त्यासाठी वाहता नळ लागत नाही. दोन पिंपे पुरतात. पहिल्यात वाळू आणि मीठ सुटते, दुसऱ्यात सूट निवळतो. दुसऱ्या पिंपातले पाणी उद्या पहिल्यात वापरता येते. गरम पाणी आणि ब्लीच मात्र अजिबात नको. तिसरी सबब वेळेची. सूट उलटा करून सावलीत जाड दांडीवर कमरेतून आडवा टाकायला उन्हातल्या कठड्यावर टाकण्याहून जास्त वेळ लागत नाही. पर्यटकाला ‘बसून घाला, नखांनी नको, बोटांच्या पेरांनी ओढा’ एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते, आणि पायात साधी प्लॅस्टिकची पिशवी चढवली की सूट आपोआप सरकतो. बोटीवर सूट पेट्रोलच्या कॅनजवळ ठेवू नये हे तर वेगळे सांगायलाच नको. पेट्रोल रबरही फुगवते आणि शिवणीचा गोंदही सोडवते.

आता पावसाळ्याचे चार महिने सूट बंद खोलीत राहणार. कोकणच्या दमट हवेत ओलसर ठेवलेल्या सुटाला बुरशी धरते. म्हणून खोलीला कुलूप लावण्याआधी प्रत्येक सूट धुऊन आतून-बाहेरून वाळवा आणि झिपच्या दातांवर मेण फिरवा. नखांच्या चिरा आत्ताच बुजवा: दोन्ही कडांना निओप्रीनच्या गोंदाचा पातळ थर द्या, तो सुकला की दुसरा द्या, आणि तो चिकट झाल्यावरच कडा जुळवा. घडी न घालता रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. हे काम जूनच्या पहिल्या सरीआधी उरका.