पोत्यातलं प्रथिन आणि मादीचा मणका

मा. साहेब,
पशुखाद्य गुणनियंत्रण विभाग

हा माझा चौथा अर्ज. आधीच्या तिन्हींना ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ एवढंच उत्तर आलं. अर्ज बराच फिरला असणार. माझ्या डुकरांच्या गाभण माद्या मात्र जागच्या हलत नाहीत. पाठीवर हात ठेवला की मणका बोटांना लागतो.

खाद्याचा नमुना आपण तपासलात, नाही म्हणत नाही. ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, राख, सगळं ‘प्रमाणात’. मी विचारलं होतं वेगळंच: यातलं डुकराला पचतं किती?

आपली प्रथिनं म्हणजे नत्र गुणिले 6.25. या हिशेबानं 46 टक्के नत्राचा युरिया 287.5 टक्के प्रथिनांचा ठरतो! रवंथ करणाऱ्या गाईला त्याचा थोडा तरी उपयोग, डुकराला काय? कोंबडीच्या पिसांतही 80 टक्क्यांवर प्रथिनं असतात, म्हणून तीच भरायची का पोत्यात? मी विष्ठा चाळणीत धुऊन पाहिली. कोंड्याची टरफलं जशीच्या तशी. आपल्या अहवालात ही चाळणी कुठल्या रकान्यात बसते?

आता आकडे घ्या. गाभण मादीला मी रोज अडीच किलो खाद्य घालतो. किलोमागे 3,000 किलोकॅलरी पचायला हव्यात आणि 2,600च पचल्या, तर रोजची तूट 1,000. गाभणकाळ 114 दिवसांचा, म्हणजे तूट 1,14,000. ती भरायला चांगलं खाद्य 38 किलो. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 10 नरांच्या प्रकल्पाला 30 लाखांपर्यंत अनुदान आहे. त्या शंभर माद्यांना लावा हा हिशेब: 3,800 किलो, 50 किलोची 76 पोती, एका वेतात! ती कुणाच्या नावावर टाकायची, साहेब?

बारामती-इंदापुरात दूध घालायला गेलं तर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ लागतं. पॉइंट घसरला की दर कापला. विकताना आमचा दशांशसुद्धा मोजतात. विकत घेताना मात्र पोत्यावरच्या छापावर विश्वास ठेवायचा. त्यातून डुकराचं नाव काढलं की नाकाला रुमाल!

पद्धत काही नवी नाही. खाल्लेलं मोजायचं, विष्ठा गोळा करून वाळवायची, दोन्हींची ऊर्जा बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये काढायची आणि वजाबाकी करायची. मोठी मादी वाढत्या डुकरापेक्षा तंतू जास्त पचवते, म्हणून फ्रान्सच्या पशुखाद्य-कोष्टकांत दोघांचे आकडे वेगळे छापलेले आहेत. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; विचारायला गुवाहाटीच्या वराह संशोधन केंद्रापर्यंत जायचीही गरज नाही.

पोत्यावर पचणारी ऊर्जा छापणं सक्तीचं करा, वाढत्या डुकरांसाठी वेगळी, माद्यांसाठी वेगळी. आणि बाजारातलं पोतं उचलून ती खरी आहे का, तेही पाहा.

सोबत अर्धा किलो खाद्य आणि वाळवलेली विष्ठा पाठवतो आहे. दोन्हींची पोच द्यावी.

आपला,
इंदापूर तालुक्यातील एक वराहपालक