अंगणवाडीतला पडदा

केंद्राच्या ‘सक्षम अंगणवाडी’ योजनेत देशातील 2 लाख अंगणवाड्यांना जलशुद्धीकरण यंत्र, पोषणवाटिका यांच्याबरोबर एलईडी पडदाही मिळायचा आहे. सुविधा हव्यातच, पण पडदा कोणासाठी, हे आधी ठरायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच बजावले आहे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि एक वर्षाखालील बाळांनी मुळीच नाही. भाषा येते ती बोलण्याला मिळणाऱ्या प्रतिसादातून. पडदा बोलतो, पण ऐकत नाही.

बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले यांतून बालशिक्षण उभे केले. तो वारसा महाराष्ट्राचाच आहे. पण आज एकाच सेविकेवर नोंदी, पोषण आहार आणि लसीकरणाच्या कामांचा भार टाकला, तर मुलांना गुंतवायला ती पडदाच लावणार. तो दोष तिचा नव्हे. म्हणून पडदा पालकसभा आणि सेविकांच्या प्रशिक्षणासाठी वापरावा, मुलांसाठी अगदी मोजका, तोही सेविकेच्या सोबतीने. सरकारने आधी सेविकांची रिक्त पदे भरावीत. लहानग्यांना माणूस हवा, पडदा नंतर.