काळा कोट केवढ्याला पडतो?

दोस्तांनो, आपल्या वस्तीत पोरगं बारावी झालं की दोन सल्ले फुकट मिळतात. एक : पोलीस भरतीला पळ. दोन : एलेल्बी कर, वकील हो, बाबासाहेबांचं नाव काढ. दुसरा सल्ला देणारे टाळ्या घेऊन जातात. खर्चाचं कोणी बोलत नाही. मी मॅट्रिक माणूस. गोदीत कंत्राटावर बोजा उचलतो, रात्री कविता लिहितो. कायदा शिकलेला नाही, पण वजन कळतं. म्हणून हा बोजा तोलून बघतो.

बारावीनंतर पाच वर्षं, नाहीतर पदवीनंतर तीन. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात जागा मिळाली तर फी झेपते, शिष्यवृत्तीही आहे. खासगीत शिरलात तर आयच्या कानातलं जातं. पण खरा खर्च फीचा नाहीच. माझी हजेरी सहाशे. महिन्याला पंचवीस दिवस भरले तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, पाच वर्षांचे नऊ लाख. पोरगं वर्गात बसलं की त्या घरात हे नऊ लाख येत नाहीत. कुठल्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात हा आकडा छापत नाहीत.

पुढे सनद. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टात फी ठरलेली आहे : इतरांना ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. तरी राज्याराज्यांतल्या बार कौन्सिलांनी नाना नावांखाली हजारो उकळले. ओडिशात तर ४२,१०० पर्यंत मजल गेली. शेवटी ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की, कायद्यात लिहिलंय त्याच्यावर घ्यायचं नाही. च्यायला, कायद्याच्या दारात कायदेवाल्यांनीच बेकायदा नाका मांडला होता!

सनद मिळाली म्हणजे भाकर मिळाली असं नाही. सीनियरच्या मागं फायली वाहायच्या. ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि खेड्यात १५,००० द्या, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटलं. पण ती शिफारस, सक्ती नाही. न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीला बसायचं तर मे २०२५ च्या निकालानं तीन वर्षांची वकिली पुन्हा लागते. ज्याचा बाप नि चुलता कोर्टात आहे त्याची ही वर्षं निघून जातात. ज्याचा बाप नाक्यावर उभा आहे त्यानं काय करायचं?

उलट शिपायाला बारावी पुरते. निवड झाली की पगार सुरू. खाकी घातलेल्या आपल्या पोरांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी घरं उभी केली, बहिणींना शिकवलं. एका घराच्या हिशोबात भरती जिंकते आणि वकिली कितीतरी वर्षं तोट्यात राहते. हे पोरांना सरळ सांगा.

आता दुसरं पारडं बघा. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. त्यात साधारण पाचात एक अनुसूचित जातीचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ४७९ कलम आहे. आधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस वगळून. तुरुंगाच्या अधीक्षकानंच कोर्टाला लेखी कळवायचं. पण त्यानं नाही कळवलं तर? भेटीच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला ४७९ कुठून ठाऊक असणार? तिथं आपला माणूस लागतो.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. २०१० साली हायकोर्टातही तेच. जातीनं मारलं आणि निकालातून जातच गळाली! पहिल्या खबरीत काय लिहिलं जातं, पंचनाम्यात काय सुटतं, हे त्याच रात्री ठाण्यावर उभं राहून बघणारा वकील पाहिजे. मोर्चा निघतो तोवर कागद तयार झालेला असतो.

आणि चवदार तळं. सत्याग्रह १९२७ चा, हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. दहा वर्षं बाबासाहेब तो दावा लढले. ओंजळभर पाण्यामागं दहा वर्षांची कोर्टबाजी होती.

तर माझं म्हणणं एवढंच. वकिलीचा फायदा सगळ्या वस्तीला मिळतो आणि तोटा एकटं घर सोसतं. मग ते पोरगं पाचव्या वर्षी पैसेवाल्याच्या ऑफिसात जाऊन बसलं तर त्याला गद्दार कोणत्या तोंडानं म्हणता? त्याच्या उपाशी वर्षांत तुम्ही किती टाकले होते?

शंभर घरं, घरटी महिना शंभर रुपये. दहा हजार होतात. एका पोराची किंवा पोरीची ज्युनियरकीची वर्षं त्यावर तगतात. पोरीला आधी द्या, कारण ठाण्यावर आपल्या बायांची तक्रार ऐकायला तीच लागते. बदल्यात लेखी करार करा : पाच वर्षं वस्तीच्या केसेस फी न घेता लढायच्या. जयंतीला डीजेच्या भिंतीवर आपण एका रात्रीत किती उडवतो, ते वर्गणीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पुढच्या बैठकीत ते पुस्तक उघडा, हा विषय पहिल्या नंबरावर घ्या आणि पहिलं नाव तिथंच ठरवा. माझे शंभर लिहून ठेवा.

जय भीम.