आधी सप्लाय, मग घड्याळ

निक्सी घड्याळाचा लेख आला की फोटोत नारिंगी आकडे झळकत असतात, सागवानी चौकट असते, आणि सर्किटच्या आकृतीत एका कोपऱ्यात रिकामा चौकोन असतो: 'एचव्ही सप्लाय, १८० व्होल्ट'. आज बोलायचे आहे ते त्या चौकोनाबद्दल.

१९५५च्या सुमारास बरोज कंपनीची निक्सी आली तेव्हा व्हॉल्व्हच्या उपकरणांत दोनअडीचशे व्होल्ट आयतेच असत. आपल्याला ते १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमधून काढायचे असतात. सोव्हिएत आयएन-१४ पेटायला १७० व्होल्ट मागते, पेटल्यावर १४०च्या आसपास स्थिरावते आणि अडीच मिलिअँपिअर घेते. म्हणजे अ‍ॅनोडला १६ किलोओहम, आणि सहा ट्यूबना मिळून जेमतेम पावणेतीन वॉट. एमसी३४०६३, एक मॉस्फेट आणि १०० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर एवढ्यावर ते भागते. डायोड मात्र यूएफ४००४च घ्या. खणातला १एन४००७ या वेगाला पुरत नाही, नुसता तापत बसतो.

खरी गोम फीडबॅकमध्ये आहे. आमच्या पहिल्या घड्याळात प्रीसेट डिव्हायडरच्या वरच्या बाजूला होता. एके रात्री त्याच्या सरकत्या टोकाचा संपर्क सुटला. फीडबॅकची पिन शून्यावर आली, आयसीला वाटले व्होल्टेज पडले, आणि तो रेटत सुटला. २५० व्होल्टचा कपॅसिटर फुटला. छतावरचा डाग अजून तसाच आहे (रंग द्यायचा विषय निघाला की घरात आमच्याकडे पाहिले जाते).

तेव्हापासून आम्ही वर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत लावतो, कारण पाव वॉटचा एकटा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टच सोसतो. खाली ५.६ किलोओहम, त्याच्याशी मालिकेत दोन किलोओहमचा प्रीसेट, आणि प्रीसेटचे मधले टोक एका कडेच्या टोकाला जोडलेले. आयसीचा संदर्भ १.२५ व्होल्टचा. गणित करून पाहा: प्रीसेट कसाही फिरवा, आउटपुट १५६ ते २११ व्होल्टच्या बाहेर जात नाही. संपर्क सुटलाच तर ते १५६वर उतरते. ट्यूब रुसतील, पण फुटणार काही नाही. वरच्या रेझिस्टरचा सोल्डर सुटला तर मात्र जुनाच तमाशा, म्हणून तिथले जोड भिंगाखाली तपासावेत.

आउटपुटला आणखी एक ४७० किलोओहम आडवा टाकावा. सप्लाय बंद केल्यावर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाच सेकंदांत दहा व्होल्टच्या खाली येतो. तोवर बोट लांब.

पुढच्या अंकापासून निक्सीच्या लेखासोबत सप्लायची पूर्ण आकृती, डिव्हायडरच्या किमती आणि ट्यूब काढून मोजलेले व्होल्टेज पाठवावे. फोटो मागून आला तरी चालेल.