मांडुळाचा बाजार मोबाईलवर भरतो, तो तिथेच मोडा!



घमेल्यात माती. मातीवर वेटोळे घालून पडलेला जाड, तपकिरी साप. एक हात त्याला उचलून वजनकाट्यावर ठेवतो, काट्यावरचा आकडा जवळून दाखवला जातो आणि मागून आवाज येतो : माल ओरिजिनल आहे, वजनात भरतो, पार्टी पक्की असेल तरच फोन करा. चेहरा कुठेच दिसत नाही. असे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पाहिले असतील तर त्याखालच्या प्रतिक्रियाही आठवा. ‘रेट काय चाललाय?’ ‘आमच्या शेतात पण निघालाय, कुठे द्यायचा?’ आणि त्याखाली कुणीतरी टाकलेला दहा आकडी नंबर. व्हिडिओ हे केवळ आमिष असते. खरेदी-विक्रीची गाठ या प्रतिक्रियांत पडते, चारचौघांच्या देखत, दिवसाढवळ्या.

ज्या जिवासाठी हे चालले आहे तो मांडूळ साप बिनविषारी आहे. भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर खातो, पिले घालतो, कुणाच्या वाटेला जात नाही. धोका वाटला की डोके वेटोळ्यात लपवतो आणि बोथट शेपूट वर करतो, म्हणजे हल्ला झालाच तर शेपटीवर व्हावा. जीव वाचवण्याच्या या युक्तीमुळे माणसाने त्याला दुतोंड्या ठरवले आणि त्याच्या अंगी नाही नाही त्या शक्ती चिकटवल्या. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, कर्करोग आणि एड्स बरा करतो. यातले एकही खरे नाही. सौदा वजनावर ठरतो म्हणून त्याच्या अंगात पाणी टोचले जाते, नरड्यातून धातूच्या गोळ्या उतरवल्या जातात. वजन वाढते, जनावर मरते, आणि ते विकणाऱ्याच्या हाती कोटी सोडा, बहुधा बेडीच येते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये ज्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच राज्यात हा धंदा सर्वाधिक फोफावला आहे, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

सर्वाधिक हा शब्द आम्ही जपून वापरत आहोत. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडूळ जप्तीच्या १७२ घटना एकत्र केल्या. त्यांतल्या ५९ महाराष्ट्रातल्या होत्या. दुसऱ्या क्रमांकावरच्या उत्तर प्रदेशात ३३. आणि ही प्रकरणे कुठल्या आडरानातली नव्हती. पुणे, ठाणे, रायगड, मुंबई हीच नावे त्यात पुढे आहेत. त्याच संस्थेला एकट्या २०२१ मध्ये यूट्यूबवर मांडूळ विक्रीचे किमान २०० प्रकार आढळले. जप्तीचे आकडे पकडल्या गेलेल्यांचे असतात. न पकडलेल्यांचा हिशेब कुणाकडेच नाही.

आज याविरुद्ध काय होते? खबर लागते, बनावट गिऱ्हाईक उभे केले जाते, लॉजवर किंवा हायवेच्या ढाब्यावर सापळा लागतो, दोघे-तिघे सापडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. सापळा लावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या धाडसाबद्दल आम्हाला आदर आहे. पण तोवर साप जमिनीतून उकरून काढलेला असतो, चार हात फिरलेला असतो, बऱ्याचदा जखमी असतो. पकडला जातो तो कर्जाला कंटाळलेला पोरगा, ज्याने व्हिडिओ पाहून बांध उकरला. व्हिडिओ टाकणारा, नंबर चालवणारा आणि मधला दलाल दुसऱ्या चॅनेलवर तोच माल दाखवत राहतो. व्हिडिओ एक पाहिला की तसले आणखी दहा समोर आणून ठेवायचे काम कंपनीची यंत्रणा आपण होऊन करते.

कंपन्यांना हे कळत नाही असे कुणी सांगू नये. वन्यजीव आणि त्यांचे अवयव यांच्या विक्रीसाठी वापरली जाणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने २०१६ मध्येच संसदेत सांगितली होती. आकडा होता १०६. पुढच्याच वर्षी ‘हत्ता जोडी’ प्रकरण उघड झाले. जडीबुटीचे मूळ म्हणून ऑनलाइन विकली जाणारी ती वस्तू प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय होते, आणि भाविक लोक ते देव्हाऱ्यात शेंदूर लावून पुजत होते. २०१८ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी जागतिक संघटनांसोबत एकत्र येऊन ऑनलाइन वन्यजीव व्यापार थांबवण्याचा शब्द दिला. त्यानंतरचे २०२१ चे यूट्यूबवरचे किमान २०० प्रकार वर सांगितलेच आहेत.

जमत नाही, ही सबबही चालणार नाही. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा आधी असेच सांगितले गेले होते. न्यायालयाने दट्ट्या लावला आणि २०१६ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ठरावीक शब्दांवरच्या जाहिराती आपोआप अडवण्याचे मान्य केले. मुलींच्या जिवासाठी जे करता आले ते वन्यजीवांसाठीही करता येते. करायला लावणारे कुणी हवे.

मात्र शब्दांची चाळणी एकटी पुरणार नाही. या धंद्यात मांडुळाला ‘डबल इंजिन’ म्हणतात. हा शब्द अडवला की उद्या दुसरा निघेल. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगूतली ही बोली ओळखायला ती बोली जाणणारी माणसेच बसवावी लागतील. म्हणून आमची पहिली मागणी वन विभागाकडे आहे : प्रत्येक वनवृत्तात ऑनलाइन पाळतीचा कायमस्वरूपी कक्ष हवा. एखादी मोहीम, एखादा पंधरवडा नको. हे जमणारे आहे. वाघांच्या शिकारीनंतर मेळघाटात वन विभागाच्याच कर्मचाऱ्यांनी मोबाईलच्या नोंदींचा माग काढत शिकारी टोळ्यांपर्यंत मजल मारली होती. ते कसब एका व्याघ्र प्रकल्पापुरते का राहावे?

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची. व्हिडिओ नुसता काढून टाकू नका. तसे केले तर पुरावाच पुसला जातो आणि विकणारा सावध होतो. आधी दुवा, चॅनेल, नंबर, तारीख, प्रतिक्रिया हे सारे जतन करा, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह. नाहीतर खटला न्यायालयात टिकत नाही. मग ते वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो आणि सायबर पोलिसांकडे पाठवा, आणि त्यानंतर कंपनीला काढायला लावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी शासनाच्या आदेशानंतर मजकूर हटवायला कमाल ३६ तास दिले होते. प्रश्न मुदतीचा नाहीच. आदेश काढणारा हात हलत नाही, हा प्रश्न आहे.

पाळत म्हटले की लोकांच्या खासगी गप्पांत डोकावणे आले, अशी शंका कुणी घेईल. ती रास्त आहे, म्हणून स्पष्ट सांगतो : जे सर्वांना दिसेल असे टाकले आहे तेवढेच पाहावे. खासगी संदेशांना हात लावायचा तर कायद्याने ठरवलेल्या रीतीनेच. मांडुळाचा बाजार उघड्यावर भरतो. तो पाहायला कुणाच्या घराची कडी काढावी लागत नाही.

सर्पमित्रांना हात जोडून विनंती आहे. पकडलेल्या मांडुळाचा व्हिडिओ टाकू नका, गावाचे आणि शिवाराचे नाव तर मुळीच नको. तुम्ही जनजागृती म्हणून टाकता आणि दलाल तोच व्हिडिओ उचलून आपला माल म्हणून फिरवतो. लाइक मिळाले नाहीत तर तुमचे काही बिघडत नाही. त्या सापाचे बिघडते.

आणि तुम्ही, हे पत्रक वाचणारे. असा व्हिडिओ दिसला तर शिव्या घालायलाही खाली प्रतिक्रिया लिहू नका, कारण प्रत्येक प्रतिक्रियेने तो आणखी चार जणांपुढे जातो. ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढे ढकलू नका. दुवा आणि स्क्रीनशॉट घ्या, नंबर व तारीख दिसेल असा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तक्रारीची नोंद झाली का, ते विचारा. शेतात मांडूळ निघाला तर त्याला राहू द्या; तुमच्या धान्यावर टपलेले उंदीर तो खातो. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आपल्या वनवृत्तात ऑनलाइन पाळत कक्ष हवा असा ठराव करा आणि त्याची प्रत उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.